ब्रेकच्या बोल्टातलं कुंकू

२०१६, दसरा होऊन दहा-बारा दिवस झालेत, शनिवार, संध्याकाळ. हजर: मी, मीना, वय पन्नास, माझे वडील नाना, सोफ्यावर, माझा नवरा सुहास, सकाळपासून संशयित, आणि तुम्ही, आत्ताच आलेले पाहुणे.

काय सांगू तुम्हाला, मी पिंपरीची, नाना तिथं कारखान्यात फिटर, आई लवकर गेली, मी त्यांच्या पान्यांतच वाढले. पुढे अकाउंटंट झाले, सिंगापुरात रॅफल्स प्लेसला नोकरी लागली, पण हात तेच राहिले, म्हणून यिशुनच्या या फ्लॅटमधल्या बॉम्ब शेल्टरमध्ये, त्या जाड भिंतींच्या खोलीत, लोक सुटकेसी ठेवतात तिथं माझं वर्कशॉप आहे, फळीवर प्रत्येक पान्याची जागा आणि जागेवर नाव.

तर नानांच्या व्हीलचेअरचा उजवा ब्रेक घसरायला लागला. ब्रेक नाही म्हणजे खालच्या उतारावरून जाणं नाही, आणि खाली व्हॉइड डेकवर, बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत, बसून चार माणसांशी बोलल्याशिवाय नानांना घास उतरत नाही. चार दिवस झाले, ताट अर्धं परत. आज सकाळी मी बोल्टाला ॲलन की, ती षटकोनी किल्ली, लावली तर हलेना, जोर दिला, तर बोल्टाचं डोकंच तुटून हातात आलं.

एवढा आवळला कुणी? सुहासला विचारलं, तू हात लावलास? अगं मी कॉम्प्युटरवाला, मी कशाला लावू, तो म्हणाला. फार पटकन म्हणाला. मी त्याचा ड्रॉवर उघडला, तर माझी त्याच मापाची दुसरी की तिथं. सायकलच्या सीटसाठी घेतली होती म्हणे. सायकल वर्षभर पंक्चर आहे! नाना सोफ्यावरून म्हणाले, जावईबापूंची उलटतपासणी नंतर घे, आधी तेल सोड.

तेल सोडलं, तासभर थांबले, हलक्या टिचक्या मारल्या, परत तेल. मग तुकड्याच्या मधोमध पंच मारून बारीक भोक पाडलं, त्यात उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घालून डावीकडे फिरवत राहिले, अगदी हळू, कारण घाई केली तर तोही आत मोडतो. कर्र झालं आणि तुकडा बाहेर आला. आट्यांत गंज, आणि गंजात वेगळाच लाल. बोटावर चोळून बघितलं. कुंकू.

आता ऐका. आमच्याकडे गाडी नाही, इथं परवडते कुणाला, म्हणून दसऱ्याला आम्ही व्हीलचेअरची पूजा करतो. आणि पूजा मी करते, नाना कारखान्यात करायचे तशी, एकेका बोल्टावर ओलं कुंकू, वरून फुलानं पाणी, सहा वर्षं. सुहास नुसते फोटो काढतो.

मॅडम, संशयित सुटला का, त्यानं विचारलं. मी म्हटलं, सायकलचं अजून पटलेलं नाही.

उजव्याला नवा बोल्ट ग्रीस लावून बसवला, पक्का धरतोय. नाना चपला घालून तयार. मी म्हटलं, नाना, डाव्यालाही सहा वर्षं तेच कुंकू, तो उतारावर तुटला तर? त्यांनी चपला काढल्या नाहीत. दुपारपासून डाव्याला तेल सोडलंय, तुम्ही यायच्या आधी दोनदा की लावून बघितली, आता परत बघते. अजून हलत नाही.