मूळचं हँडल

नाही नाही, ती भिंतीवरची लाल विकायची नाही — ती सायकल तरी कुठे राहिलीय, नुसती फ्रेम आहे. तुम्ही निळीसाठी आलात ना? मग निळीच बघा. या असे, फक्त त्या खडूच्या चौकोनावर पाय देऊ नका — पलंगाची जागा आखलीय. रविवारी येतोय पलंग, पाठीकडून वर-खाली होणारा, हॉस्पिटलात असतो तसला. आणि पलंगापाठोपाठ मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ हो. आता इथेच राहणार तो, या खोलीत. सासूबाईंना त्याला उचलवत नाही, कंबर गेली त्यांची. म्हणून खोली रिकामी करतोय. चौदा होत्या. बारा गेल्या, ही तुमची तेरावी. जाताना वाईट वाटतं का विचाराल, तर नाही. सगळे विचारतात. मला काही वाटत नाही हल्ली, खरंच सांगतो — जेवण पण घड्याळ बघून जेवतो.

बसा ना त्या स्टुलावर. मी चष्म्याच्या दुकानात काम करतो, काचा घासतो, फ्रेममध्ये बसवतो. दिवसभर उजेडाकडे काच धरायची आणि केसाएवढा चरा शोधायचा, हे काम. गुडघा दुखायला लागला तर डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. झालं! एवढंच निमित्त. भंगारवाल्याकडे गेलो, म्हटलं स्वस्तातली बघू, तर तिथे फाटक्या गादीखाली ही निळी पडलेली. तीस वर्षांची डोंगरात चालवायची सायकल, स्टीलची फ्रेम, अंगठ्याने ढकलायचे गिअर — आणि एकही भाग बदललेला नाही! घरी आणली, घासली, आणि गेलो कामातून. मग एक झाली, दोन झाल्या. बाल्कनीत चाकं, न्हाणीघरात चेन भिजत घातलेली, कपड्यांच्या कपाटावर तीन फ्रेमा. बायको म्हणायची, मी अजून किती जुनी व्हायला हवी तुम्हाला, तेवढं सांगा. हसायची तेव्हा. मेहुणा हसत हसत यात ओढला गेला. टेकडीमागे खडकाळ उतार आहे, दर शनिवारी आम्ही दोघं तिथे — पुढे-मागे स्प्रिंग नाही, काही नाही, प्रत्येक दगड दातांत वाजायचा. तो सुसाट, मी मागून ब्रेक दाबत दाबत. खाली थांबून ओरडायचा, ‘दाजी, तुम्ही सायकल चालवत नाही, तिला फिरवून आणता!’ खरं होतं ते. चालवायचा तो. मी पुसायचो.

हँडल? हो, निळीचं हँडल मूळचंच आहे. तुम्हाला आवडणारच, ज्याला यातलं कळतं त्याला आवडतंच. पण ते मी काढून घेणार, नवं बसवून देणार. अहो, ॲल्युमिनियम आहे ते. बाहेरून चकाचक दिसतं, आतून थकलेलं असतं. जुनं हँडल भिंतीवर ठेवायचं, चालवायचं नाही — हे आमच्यात सगळ्यांना पाठ असतं. मलाही पाठ होतं. लाल सायकल मी मेहुण्याला वाढदिवसाला दिली, तर त्याने पहिल्या दिवशी काय केलं असेल? हँडल बदललं. काळंच, पण नवं, मजबूत. मी आठवडाभर धड बोललो नाही त्याच्याशी. एवढी अस्सल वस्तू आणि मध्ये ते नवं — डोळ्यात खुपायचं हो. मग जुन्या सायकलींचा मेळावा होता, तिथे आधी फोटो पाठवायचा असतो, सगळे भाग मूळचे हवेत. म्हटलं, दे बाबा दोन दिवस. दिली त्याने. म्हणाला, ‘दाजी, फोटो झाला की माझं हँडल परत लावा हं.’

फोटो छान आला. आणि शनिवारी दुपारी तो आला न्यायला, या इथे उभा होता, तुम्ही बसलाय तिथे. हेल्मेट डोक्यावर, घाई. ‘लावलंत ना परत?’ आणि मी म्हटलं — हो.

पाच मिनिटांचं काम होतं. पाना हातात होता. विसरलो असं नाही. पोलिसांना ‘विसरलो’ म्हणून सांगितलं असतं, पण त्यांनी विचारलंच नाही. उतार, दगड, वेग, एवढं लिहून गेले. मला फक्त एकदा बघायची होती ती, पूर्ण मूळची, उतरताना. एकदाच. दोन्ही हँडलं काळी, आणि त्याची पकडायची रबरं मी काढून जुन्यावर चढवली होती, त्यामुळे हाताला काही कळायचं कारण नव्हतं. चढवताना हँडलच्या मधोमध एक बारीक रेघ दिसली होती. मला! दिवसभर रेघाच शोधतो ना मी. म्हटलं, पॉलिशची असेल. उतारावर तिथेच मोडलं.

तुम्ही पाणी घेणार का? नको? बरं.

त्याला तो दिवस आठवत नाही. डॉक्टर म्हणतात, आठवणारही नाही. मान हलते, डावा हात थोडा. मला बघितलं की विचारतो, बोलायला वेळ लागतो त्याला, ‘दाजी, मीच जोरात होतो ना?’ आणि मी म्हणतो, हो. आधी एक हो, आता हे रोजचं हो. बायको बाजूला बसून त्याचा हात चोळत असते. म्हणते, तुम्ही किती करता माझ्या भावाचं.

काय म्हणालात? तसंच राहू दे? चालवायचीय तुम्हाला, आणि हँडल मूळचं हवंय? एवढं ऐकून? — नाही. जपून चालवाल, माहीत आहे, सगळे जपूनच चालवतात. ती करवत द्या जरा, तुमच्या पायाशी आहे. द्या हो. ... बघा, किती पटकन कापलं जातं. झाले दोन तुकडे. आता कुणी लावायचं नाही. थांबा, हे नवं बसवतो. ... झालं. धरा, हलवून बघा. तसं नाही, जोर लावून, अंगाचा भार टाकून. मी घट्ट केलंय म्हणालो तरी माझ्या शब्दावर जाऊ नका.

पैसे ठेवा तिथेच. जिना अरुंद आहे, पुढचं चाक आधी काढा. खाली बायको असेल, चादरी वाळत घालतेय. ती विचारेल, हँडल का बदललं — तर सांगा, तुम्हालाच नवं हवं होतं. एवढं सांगाल ना? असं बघू नका माझ्याकडे. सांगा किंवा नका सांगू. निघा आता, दार ओढून घ्या. मला ती खडूची रेघ परत आखायचीय, तुमचा पाय पडला तिच्यावर.