अर्धायुष्य कुणाचं?

सन्माननीय अध्यक्ष अमरसिंगजी, प्राचार्य रविकांत सर, व्यासपीठावर मावलेले आणि न मावल्यामुळे खाली रुसून बसलेले मान्यवर, आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

आपल्या मंगरूळपीरच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या योगिनी मॅडम आज संशोधनासाठी निघाल्या आहेत. कशाचं संशोधन? मी मराठीचा मास्तर. मला ते कळलं आमच्या मायमुळे.

मायच्या, म्हणजे गोजराबाईंच्या, छातीत गाठ दिसली. कर्करोग आहे का, हे पाहायला नागपूरला स्कॅन ठरला. त्याआधी टोचायचं किरणोत्सारी औषध परगावाहून विमानाने यायचं होतं. विमान रखडलं. नर्सबाई म्हणाल्या, "आजी, अर्धायुष्य दोन तासांचं असतं. आता उपयोग नाही. घरी जा."

हा शब्द घडवणाऱ्या विद्वानांनी तो आधी कुणाच्या आईला ऐकवून पाहिला असेल का हो?

जीपमध्ये बसताच माय म्हणाली, "हबीब, जोरानं चालव रे बाप्पा. मले घरी मरू दे."

अमरावतीपर्यंत दोन तास उलटले. हबीबभाई म्हणाले, "अम्मा, टाइम तो हो गया. अब आराम से बैठो."

पण माय पुन्हा नागपूरला जायला तयार होईना. शेवटी योगिनी मॅडम घरी आल्या.

"आजी, ते आयुष्य औषधाचं. दर दोन तासांनी त्याचा जोर निम्मा होतो."

"म्हणजे औषध मरून राह्यलं होतं? मंग मले कायले सांगतलं?"

मॅडमनी समजावलं, की ते औषध वेगवान कणांच्या माऱ्याने बनतं; तो मारा करणारी यंत्रं अवजड, म्हणून दूरच्या शहरांत. लेसरचा झोत पातळ पत्र्यावर मारूनही तसेच वेगवान कण मिळतात. ते जमलं, तर यंत्र लहान होईल आणि औषध कदाचित वाशीमलाच बनेल. अजून प्रयोगच चाललेत. त्यांनाही त्या प्रयोगांसाठी बोलावणं आलंय.

"मंग तू इथं काय करून राह्यली?"

"तुमचा रिपोर्ट आल्याशिवाय नाही जात."

माय लगेच जीपमध्ये बसली. या वेळी औषध वेळेत पोचलं. परवा रिपोर्ट आला: कर्करोगाचं चिन्ह नाही. मी दाराआड जाऊन रडलो. माय मात्र मॅडमच्या घरी गेली.

"पोरी, मले आता ते औषध लागत नाही. पण दुसऱ्या कोणाच्या मायले लागन. जाय!"

म्हणून हा समारंभ. मॅडम, तुमचे, हबीबभाईंचे आणि सभागृहाचे आभार. घरातली धास्ती गेल्याने जीभ जरा सैल सुटली. कुणाला लागलं असेल, तर आजचा दिवस पोटात घाला.