ढिंगलीच्या नाकापाशी हवा

मी वंदना. आमच्या घरात रोज सकाळी वंदना होते, म्हणून आबांनी पोरीचं नावही तेच ठेवलं, दुसरं शोधत बसले नाहीत. जन्म माझा इथला, सुरतेजवळच्या कडोदऱ्याचा, शाळा इथली, गुजराती मला मराठीइतकीच येते, भांडताना तर जास्त येते, पण गाव कुठलं असं कुणी विचारलं की आमच्यात लहानथोर सगळे साक्रीकडचंच नाव सांगतात. तिकडचं आता आमच्याकडे काय उरलंय म्हणाल तर बोली. माय आणि आबा आपसात अहिराणीच बोलतात. रागावले की जास्त.

आबा लग्नाआधी इथे लूमवर आले. कारखान्याला इथे खातं म्हणतात. काय सांगू तुम्हाला, त्या खात्यात खिडक्या असायच्या त्या पार छपराखाली, हातभर रुंदीच्या, आणि त्याही लावलेल्या, कारण वारा आला की धागे हलतात, हलले की तुटतात, तुटले की लूम थांबतं आणि शेठ ओरडतो. बाहेर उन्हानं डांबर पातळ झालंय, आत माणसं बनियन पिळून पुन्हा तेच घालतायत, पण खिडकीला हात लावायचा नाही. आबांच्या अंगात ते इतकं मुरलं की लूम सुटलं तरी सवय सुटली नाही, घरात खिडकी उघडी दिसली की जेवता जेवता उठून लावायचे. माय म्हणायची, आठे कोनता धागा तुटी राहिना? आबा म्हणायचे, हवा लागनी की नुकसान व्हस. झालं, वाद संपला. आम्ही सगळे पंख्याखाली बसायचो आणि तीच गरम हवा गोल गोल फिरत राहायची.

खात्यात लूमचे मोडलेले भाग जोडायला एक मिस्त्री यायचा, त्याच्या हाताखाली आबा सुटीच्या दिवशी वेल्डिंग शिकले, आणि पुढे हायवेच्या कडेला स्वतःची शेड टाकली. आधी ग्रिल केल्या, मग टेम्पोच्या बॉड्या, मग लग्नाच्या घोडीवाल्यांसाठी ट्रेलर. मी त्या शेडमध्येच वाढले म्हणा ना, गृहपाठ तिथे, डबा तिथे. बी.एस्सी. झाले फिजिक्स घेऊन. आईकडचं खानदान धरा, बापाकडचं धरा, कॉलेजचं गेट आतून बघितलेली पहिली मी, आणि हे मी मान खाली घालून सांगत नाही, वर करून सांगते. सगळ्यांना वाटलं आता मास्तरीण होईल, बँकेत बसेल. मी हातमोजे घातले आणि शेडमध्ये उभी राहिले. शेजारच्या शांतामावशी येता-जाता टोमणा मारायच्या, इतली शिकनी नि आते पत्रा कापी राहिनी. मी म्हणायचे, मावशी, शिकले म्हणूनच सरळ कापते.

लग्न झालं तेही इथेच. माझे मालक, प्रकाश, पिकअप चालवतात. त्यांनीच एक दिवस हंसाबेनना शेडवर आणलं. हंसाबेन कामरेजकडच्या, शेती आहे, आणि त्यांच्याकडे चार बुटके घोडे. बुटके म्हणजे किती, तर पाठ माझ्या कमरेला लागत नाही. आबांनी मोबाईलवरचा फोटो बघून विचारलं, पिल्लं आहेत का? त्या म्हणाल्या, ना काका, म्हातारे झाले तरी एवढेच राहणार. आबा किती वेळ हसत होते, म्हणे आपल्या लेंग्याच्या नाडीएवढा घोडा.

पण हंसाबेन हसल्या नाहीत. त्या हे घोडे सुरतेतल्या एका शाळेत न्यायच्या, जिथे चालता न येणारी, न बोलणारी मुलं येतात. मुलं घोड्यांना ब्रश करतात, त्यांच्या अंगाला टेकून बसतात. तिथली एक मुलगी कुणाला हात लावू द्यायची नाही, सख्ख्या आईलाही नाही, पण ढिंगलीच्या आयाळीत बोटं घालून शांत बसायची. ढिंगली म्हणजे गुजरातीत बाहुली. चौघांत मोठी ती, ती पुढे चालली की बाकीचे तिघे मागे. नेत होत्या पार्सलच्या बंद टेम्पोतून, मागचं दार थोडं उघडं ठेवून. उन्हाळ्यात एकदा रस्ता जाम झाला, टेम्पो उभाच राहिला, आणि आत ढिंगली पडली. पाणी मारून मारून उठवली. जगली, पण तेव्हापासून कुठलीही डब्यासारखी गाडी दिसली की चारही पाय रोवून उभी राहते. ती नाही तर बाकीचेही नाहीत. हंसाबेन मला म्हणाल्या, वंदनाबेन, एक छोटा ट्रेलर बनवा ज्याच्यात हिचा जीव घाबरणार नाही. मी तिला दोरीनं ओढून चढवणार नाही. ए ना पाडे तो मारी पण ना, ती नाही म्हणाली तर माझंही नाही, मग शाळेत जाणं कायमचं बंद.

आबांनी खडू माझ्या हातात दिला. तुम्हाला सांगते, आमच्याकडे कागदावर नकाशा नसतो, शेडच्या फरशीवर खडूनं खऱ्या मापाचा ट्रेलर काढायचा, त्यात उभं राहून बघायचं, मग पाइप कापायचा. तो खडू आजवर आबांशिवाय कुणी धरला नव्हता. मी दोन्ही बाजूंना मोठ्या मोठ्या खिडक्या काढल्या, पुढेही एक काढली, पिकअपच्या बाजूला, म्हटलं वारा समोरूनच येतो ना. आणि खिडक्यांची उंची? उंची लिहिली आमच्या नेहमीच्या घोडीच्या ट्रेलरची, माझ्या छातीला येईल अशी. कुणी सांगितलंही नाही, हात आपोआप तिथे गेला. आबा बघून खूश, कारण खिडक्या वर होत्या.

पत्रा लागला, रंग बाकी होता. म्हटलं एकदा तपासून घेऊ, पण हवा दिसणार कशी? तर आबा उठले, शेजारच्या खात्यात गेले आणि टाकाऊ धाग्याचा हा एवढा गुंडा घेऊन आले. म्हणाले, धाग्याले विचार, तो खोटं बोलत नही. खात्यात वारा कुठल्या फटीतून येतो ते असंच शोधायचे म्हणे, मग ती फट बुजवायचे. त्यांनी छपरापासून फरशीपर्यंत ट्रेलरभर वेगवेगळ्या उंचीला धागे लोंबकळत सोडले, लग्नाच्या मांडवासारखे. मी आत गेले आणि गुडघ्यांवर बसले, नाक ढिंगलीच्या नाकाच्या उंचीला आणून. प्रकाशनी पिकअप जोडली आणि ट्रेलर कारखान्यांच्या गल्लीतून सावकाश ओढत नेला.

काय सांगू तुम्हाला. वर धागे नाचत होते, अगदी वरातीत नाचावेत तसे, आणि माझ्या नाकापाशी एकही धागा हलेना. मेल्यासारखे लोंबत होते. वरून वारा जातोय, खाली मी घामानं भिजतेय, आणि त्यात पुढच्या खिडकीतून पिकअपचा धूर येऊन खालीच साचतोय. ट्रेलर भारी होता, पण फक्त कमरेच्या वर. उतरले आणि तिथेच जमिनीवर बसले. गरम हवा वर जाते, पण ती जायला खालून नवी यावी लागते, हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं, त्याला मार्कही मिळाले होते. पण पत्रा कापताना कॉलेज आठवलं नाही, हात शेडच्या सवयीनं चालला.

मी म्हटलं, आबा, खाली कापावं लागेल, फरशीपासून वीतभर वर. आबा म्हणाले, खाली कापशील तर धूळ येईल, पाणी उडेल, हवा लागेल. म्हटलं, आबा, हवा लागायलाच तर पाहिजे. आबा खाली वाकून आत बघत राहिले, त्या न हलणाऱ्या धाग्यांकडे. मग म्हणाले, खात्यात आम्ही असंच बसूत, धागा हलत नही म्हणून शेठ खूश राहे, आनि आम्ही... आबांनी ग्राइंडर उचलला आणि मला म्हणाले, कथा कापू, कुठे ते सांग.

नवीन झालेला पत्रा आम्ही बापलेकीनं पुन्हा फाडला. पुढची खिडकी बुजवली, धूर बंद. खाली दोन्ही बाजूंना लांब फटी ठेवल्या आणि त्यांवर मागे तोंड केलेल्या तिरक्या पट्ट्या लावल्या, म्हणजे हवा येईल पण धूळ नि पाणी समोरून घुसणार नाही. छपराला दुहेरी पत्रा आणि मागे उघडणारी झाकणं, गरम हवा निघून जायला. खिडक्या उतरवून ढिंगलीच्या डोळ्यांच्या उंचीला आणल्या, बाहेर दिसलं की जनावर घाबरत नाही, पण गज इतके जवळ की तोंड बाहेर निघणार नाही, बाजूनं ट्रक जातात. तपासलं ते चालवून नाही, उभं ठेवून, भर दुपारी, कारण ढिंगली पडली होती ती उभ्या गाडीत. पुन्हा गुडघ्यांवर बसले, वाट बघितली. आणि सगळ्यात खालचा धागा आधी थरथरला. हळूच. मग त्याच्या वरचा. मी आतूनच ओरडले, आबा, हलला.

हंसाबेन ढिंगलीला घेऊन आल्या त्या दिवशी शेजारच्या खात्यातली पोरंसुद्धा चहा हातात घेऊन जमली. एकजण म्हणाला, आज बी.एस्सी.ची परीक्षा घोडी घेणार. प्रकाश गूळ दाखवायला निघाले तर हंसाबेननी हात धरला, ना, लालच नको, तिला ठरवू दे. ढिंगली चढायच्या फळीपाशी आली आणि पाय रोवले. तिनं मान लांब करून आत हुंगलं. कडेच्या फटीपाशी आबांनी एक धागा मुद्दाम ठेवला होता, तो तिच्या नाकासमोर हलत होता. ती फुरफुरली, मागे सरकली, पुन्हा मान घातली. कुणी चहाचा घोट घेईना. मग तिनं एक पाय फळीवर ठेवला, थांबली, दुसरा ठेवला, आणि खटखट करत स्वतःच्या पायांनी आत गेली आणि खिडकीशी येऊन आमच्याकडेच बघत राहिली, जणू म्हणते, काय, कसली गर्दी केलीय? मागून तिघे. हंसाबेन पदर डोळ्यांना लावून हसत होत्या.

शाळेपर्यंत मी पिकअपमध्ये सोबत गेले. वाटेत जाम लागलाच, सुरत आहे ती. गाडी उभी, ऊन डोक्यावर. मी उतरून धावत मागे गेले, गजांतून बघितलं, तर बाईसाहेब निवांत गवत चघळत होत्या. आणि शाळेत ती मुलगी दारातच बसलेली. ढिंगली उतरली, मुलीनं तिच्या आयाळीत बोटं घातली, आणि मी दुसरीकडे बघितलं, सगळ्यांसमोर रडायला मला आवडत नाही.

आता दर आठवड्याला ट्रेलर जातो. रंगाऱ्याकडून आबांनी मागच्या दारावर लिहून घेतलंय, वंदना, बी.एस्सी., शेडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात. मी म्हटलं, आबा, शोभतं का हे? म्हणाले, घोडीनी पास करेल शे, शोभस. परवा एक तबेल्यावाला वासरांसाठी विचारून गेला, आबांनी त्याच्यासमोर खडू माझ्याच हातात दिला. मी फरशीवर बसले आणि आधी वासराचं नाक कुठे येतं ते काढलं.

आणि घरी म्हणाल तर, आबांनी आमच्या खिडकीच्या गजाला एक धागा बांधलाय. सकाळी वंदना झाली की त्याच्याकडे बघतात, हलत नसला की उठून दुसरं तावदान उघडतात. माय म्हणते, उभा जल्म गया, आते समजनं. पण हसून म्हणते. बाकी मला काही नको. तुम्ही एवढं ऐकून घेतलंत, तुमच्याही घरात धागा हलता राहो.