दोन गाड्यांची मालकीण

मंडळी, आवाज मागपर्यंत पोचतोय ना? माझा आवाज बारीक आहे, चढत नाही. खांबाजवळच्या आजी मान हलवतायत, म्हणजे पोचतोय. मग ऐका.

आज एकच प्रश्न घेऊन उभा राहिलोय. साधा वाटेल, पण मला तीन दिवस सुटला नाही. एखादी वस्तू आपण कुणाच्या नावावर केली, की ती त्याची झाली का?

तुम्ही म्हणाल, बुवा, हा वकिलाला विचारायचा प्रश्न. कागदावर नाव असलं की झाली त्याची. पेटीवरचे आमचे सदाशिवराव तर मघाशीच म्हणाले, "त्यात काय निरूपण करणार तुम्ही?" मलाही वाटलं, खरंच, काय करणार? पण मग मला लीलाबाई आठवल्या. तेव्हा आज पुराणातली कथा नाही. हस्तिनापूर नाही, लंका नाही. विजेवर चालणाऱ्या दोन मोटारगाड्या आहेत, एक सरकारी कचेरी आहे आणि एक एक्याऐंशी वर्षांची बाई आहे. चालेल? चालवून घ्या.

लीलाबाई निकते. नवरा शिंपी होता. त्यानं मशीनवर पाय मारून मारून दोन मुलं वाढवली, कापडाचं दुकान उभं केलं आणि एके दिवशी शांतपणे गेला. मुलं दोन. थोरला दामोदर, धाकटा विश्वास. बाप गेल्यावर दुकानाची वाटणी झाली. वाटणी कशी झाली ते सांगत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी झालीय. दुकानाच्या मधे भिंत आली, भावांचं बोलणं बंद झालं. सहा वर्षं! एका गल्लीत समोरासमोर घरं आणि सहा वर्षं शब्द नाही.

आणि आईची वाटणी? तीही झाली. महिना याच्याकडे, महिना त्याच्याकडे. एक तारखेला लीलाबाई पिशवी उचलायच्या आणि गल्ली ओलांडायच्या. पिशवीत दोन लुगडी, औषधाची डबी, जपाची माळ. गल्लीतली पोरं तारीख विसरली तर त्यांच्याकडे बघून कॅलेंडरचं पान उलटायची.

आता एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. ही मुलं वाईट नव्हती. जेवायला ताजं द्यायची, दवाखान्याचं बघायची. आणि बापाची एक शिकवण दोघांनीही सोडली नव्हती. बाप म्हणायचा, "घरात पहिलं काही येईल ते आईच्या नावानं घ्या. तिच्या हाताला गुण आहे." पहिलं शिलाई मशीन लीलाबाईंच्या नावावर होतं, पहिली सायकलसुद्धा.

दसऱ्याला दामोदरनं विजेवरची मोटार घेतली. घराण्यातली पहिली मोटार! कुणाच्या नावावर घ्यायची? आईच्या. कागद आणला, म्हणाला, "आई, इथं सही कर." लीलाबाई दुसरी पास. त्यांनी जीभ दातात धरून एक-एक अक्षर काढत सही केली.

पाडव्याला विश्वासनं मोटार घेतली. तीही विजेवरची, भाऊ मागे कसा राहील? कुणाच्या नावावर? आईच्या! थोरल्याची गाडी कुणाच्या नावावर आहे हे त्याला माहीत नव्हतं. विचारणार कसं, बोलणंच बंद. आणि लीलाबाईंनी सांगितलं का नाही? कारण त्यांचा एक नियम होता. या घरातलं त्या घरात न्यायचं नाही. त्या नियमावरच तर त्यांचे दोन्हीकडचे घास चालले होते.

आता सरकारची तेव्हा एक योजना होती. विजेवरची गाडी घ्या, नोंदणी करा, अर्ज करा, मोठी सूट तुमच्या खात्यात परत येईल. योजनेचा कागद मी स्वतः वाचलाय. एकदा वाचून कळला नाही, म्हणून तीनदा वाचला. त्यात एक कलम होतं: एका माणसाला एकदाच.

दोघा भावांनी अर्ज भरले. एका बाईच्या नावानं दोन गाड्या, दोन अर्ज. मग काय होणार?

पत्र आलं. कुणाच्या नावानं? श्रीमती लीलाबाई निकते! नवरा गेल्यापासून त्यांच्या नावानं आलेलं पहिलं पत्र. पोस्टमननं वाचून दाखवलं. दोन्ही अर्ज थांबवले आहेत, अर्जदारानं शुक्रवारपर्यंत दोन्ही गाड्यांसह समक्ष यावं, कोणत्या गाडीवर सूट हवी ते सांगून सही करावी, नाहीतर दोन्ही अर्ज रद्द.

त्या दिवशी लीलाबाई जेवल्या नाहीत.

का? पैशासाठी? छे. पैसे पोरांचे होते. पण सही एकाच गाडीवर करायची होती. दामोदरच्या गाडीवर केली, तर विश्वास म्हणणार, आई त्याची. विश्वासच्या गाडीवर केली, तर दामोदर म्हणणार, बघितलंत, मी म्हणतच होतो. सहा वर्षं त्या बाईनं दोन पारडी हातात धरली होती, तसूभर इकडे नाही, तसूभर तिकडे नाही. आणि आता सरकार म्हणतंय, एक खाली ठेव. सांगा मंडळी, कोणतं ठेवाल? ज्यांना दोन मुलं आहेत त्यांनी सांगा.

बुधवार उजाडला. दामोदरची गाडी कचेरीच्या फाटकाशी सगळ्यात आधी उभी. पहिला नंबर लागावा म्हणून रात्रीचं चार्जिंग अर्धवट सोडून पहाटे निघाला होता. मागून विश्वासची आली. अर्जाला जोडायला दोघांनीही गाडीचा फोटो आणला होता. दोन्ही फोटोंत गाडीला एवढा मोठा झेंडूचा हार, की नंबरप्लेटच दिसत नव्हती. कारकून म्हणाला, "गाडीचा फोटो मागितला होता, मिरवणुकीचा नाही." नंबर बघायला शिपायाला बाहेर पाठवावं लागलं.

आणि मालकीण कशानं आली? दोन गाड्यांची मालकीण?

एसटीनं.

एकाच्या गाडीत बसली तर दुसऱ्याला वाईट वाटणार. म्हणून शेजारच्या कमलताईला सोबत घेतलं आणि एसटी पकडली. पंचाहत्तरीच्या पुढे तिकीट नाही ना. एवढी एक सरकारी सवलत मात्र लीलाबाई मनापासून वापरत होत्या.

टेबलामागे पाटणकर मॅडम होत्या. कामसू बाई, आवाजात उगीच कडकपणा नाही. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, विचारलं, "आजी, या दोन्ही गाड्या तुमच्याच ना?"

लीलाबाई म्हणाल्या, "माझ्याच म्हणतात."

"म्हणतात म्हणजे? नाव तुमचंच आहे."

"नाव माझंच आहे, बाई. सही पण मीच केली."

"बरं. मग यातल्या एकीवर सूट मिळेल. हे प्रतिज्ञापत्र आहे. वाचून दाखवते. 'सदर वाहन मी स्वतःच्या वापरासाठी घेतले असून ते माझ्या वापरात आहे.' कोणती गाडी ते लिहायचं, खाली सही."

लीलाबाईंनी पेन हातात घेतलं. दामोदर डावीकडे उभा, विश्वास उजवीकडे. दोघं आईच्या हाताकडे बघतायत.

आणि लीलाबाईंनी पेन खाली ठेवलं.

"माझ्या वापरात नाही हो."

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे?"

"मी बसलेच नाही अजून. याच्याही नाही, त्याच्याही नाही."

दामोदर खाली वाकला. "आई, ते नुसतं लिहायचं असतं. सगळेच लिहितात."

"सगळे लिहू देत. मी या वयात खोट्यावर सही करू? तुझ्या बापानं कधी गिऱ्हाईकाच्या कापडाचा तुकडा ठेवला नाही."

विश्वास म्हणाला, "आई, घरी जाऊन बोलू."

"कुठल्या घरी?" लीलाबाई म्हणाल्या.

मंडळी, मी त्या कचेरीत नव्हतो. कमलताईंनी सांगितलेलं सांगतोय.

मॅडमनी चष्मा काढला. "आजी, बसला का नाहीत?"

"मागितलं होतं मी. शेळगावला माझी अक्का आहे, थोरली बहीण. डोळे गेले तिचे. चार वर्षं मी यांना म्हणतेय, एकदा ने रे. एसटी फाट्यावर सोडते, पुढची चाल मला होत नाही. हा म्हणतो पुढच्या रविवारी. तो म्हणतो पुढच्या रविवारी. गाडी आल्यावर वाटलं, आता नेतील. तर रविवार तेवढे वाढले."

आता थोडं थांबतो. पोरांवर रागावू नका लगेच. पुढच्या रविवारी म्हणताना ते खोटं बोलत नव्हते. खरंच न्यायचं होतं त्यांना. तुम्हालाही न्यायचंय. मला माहीत आहे.

मॅडम म्हणाल्या, "मुदत शुक्रवारपर्यंत आहे, आजी. आज बुधवारच आहे."

लीलाबाई उठल्या. "मग बसून बघते. बसले की सही करते. पण दोघांनी यायचं."

"कुणाच्या गाडीतून?" दोघांच्या तोंडून एकदम आलं. सहा वर्षांत पहिल्यांदा दोघं एकच वाक्य बोलले, आणि तेही भांडणाचं.

शिपाई दारात उभा होता, मघाशी नंबर बघून आलेला. तो म्हणाला, "चार्जिंग कुणाच्यात आहे ते बघा की. त्यात काय एवढं?"

दामोदरच्या गाडीत होतं चौदा टक्के. नंबर लावायच्या घाईत चार्जिंग अर्धवट सोडलेलं, आठवतं ना? विश्वासच्या गाडीत अडुसष्ट. शेळगाव चाळीस किलोमीटर. संपला वाद. आईला निवड करावी लागली नाही, बॅटरीनं केली.

लीलाबाई पुढे बसल्या, मालकीण म्हणून. विश्वास चालवतोय. दामोदर मागे, कमलताईशेजारी, दाराला चिकटून.

मंडळी, या गाडीला आवाज नसतो. पेट्रोलच्या गाडीत इंजिन घुरघुरतं, माणसांचं न बोलणं त्यात झाकून जातं. या गाडीत काही झाकलं जात नाही. पंधरा किलोमीटर त्या दोघांची सहा वर्षं त्या गाडीत अशी ऐकू येत होती. कमलताई म्हणाल्या, "बुवा, मला खोकायची भीती वाटत होती."

सोळाव्या किलोमीटरला दामोदर बोलला. काय बोलला असेल? क्षमा? पश्चात्ताप? नाही. म्हणाला,

"एसी कमी कर. आईचे गुडघे धरतात."

विश्वासनं कमी केला. मग थोड्या वेळानं म्हणाला, "एवढा पुरे?"

"पुरे."

झालं. एवढंच. पण सहा वर्षांचं दार असंच उघडतं, कुरकुरत, बोटभर.

शेळगावात अक्का ओसरीवर बसली होती. पावलांवरून ओळखलं तिनं. "लीले?" बहिणी भेटल्या. ते मी सांगत नाही, मला सांगता येणार नाही. मग अक्का उठली, हात पुढे करून गाडीपाशी आली. बॉनेटवरून हात फिरवला, काचेवरून फिरवला, दाराच्या कडेवरून फिरवला. एखाद्या नव्या सुनेच्या तोंडावरून फिरवावा तसा.

"गार आहे गं. धुराचा वास नाही. कुणाची गाडी?"

लीलाबाई म्हणाल्या, "माझी."

ऐकलंत? आता "म्हणतात" नाही आलं. नुसतं "माझी".

शुक्रवारी कचेरीत लीलाबाईंनी जीभ दातात धरून सही केली. विश्वासच्या गाडीवर. हिच्यात बसले, म्हणून हिच्यावर. मग मॅडमनी दामोदरला कागद दिला. दुसरा अर्ज मागे घेतल्याचं लिहून द्यायचं, आणि त्यात एक ओळ होती, कारण. मॅडम म्हणाल्या, "'दुबार अर्ज' एवढं लिहिलंत तरी चालेल."

दामोदरनं पेन उचललं. मग त्यानं लिहिलं: "गाडी आईच्या नावावर आहे. पण आई या गाडीत कधी बसलेली नाही."

मॅडमनी वाचलं, शिक्का उचलला आणि मारला. लीलाबाईंनी विचारलं, "काय लिहिलंस रे?" तो म्हणाला, "खरं लिहिलं." बाहेर आल्यावर त्यानं आपल्या गाडीचं दार उघडलं आणि उघडं धरून उभा राहिला. या वेळी चार्जिंग पुरतं होतं. लीलाबाईंनी विश्वासकडे बघितलं. विश्वास म्हणाला, "जा की. मी मागनं येतो."

तर मंडळी, नावावर केलं म्हणजे त्याचं झालं का?

दुसऱ्याला विचारण्याआधी स्वतःला विचारावं म्हणून मी घरी कपाट उघडलं. माझ्याकडे पुस्तकं पुष्कळ आहेत. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर मी लिहून ठेवलंय, श्रीकृष्णार्पण. आणि चाळीस वर्षांत एक पुस्तक कुणाला वाचायला दिलेलं नाही. कुलूप आहे कपाटाला. देवाच्या नावावर केलं आणि किल्ली कनवटीला ठेवली. मी तुम्हाला काय सांगणार?

पण एवढं विचारतो. आपण रोज हात जोडतो आणि म्हणतो, देवा, सगळं तुझंच आहे. घर तुझं, दार तुझं, मुलंबाळं तुझी. सगळ्या कागदांवर त्याचं नाव घातलंय आपण. तो बसलाय का कधी त्यात? का तोही आपला एसटीनं येतोय?

आणि देव कोण, कुठे, हे मला काही नीट सांगता येत नाही. पण आरती झाल्यावर बाहेर जाल तेव्हा चपला शोधायच्या आधी आपल्या घरातलं म्हातारं माणूस शोधा. इथंच कुठंतरी खांबाला टेकून बसलेलं असेल. त्याच्यापाशी वाका आणि विचारा, कुठं जायचंय?

रविवारची वाट बघू नका. माझ्या कपाटाची किल्ली आज मी सदाशिवरावांकडे देऊन आलोय. ते पेटीमागे हसतायत, पण दिलीय.

आता सगळ्यांनी मिळून नाम घ्या. आवाज तुम्ही चढवा, माझा पुरणार नाही.