खारी माती

(सोल शहरातल्या एका चढावरच्या जुन्या घराची गच्ची. वसंतातली दुपार. लाल रबरी टबात बाबा कोपरापर्यंत हात घालून माती कालवतायत. लेक मिरान जिना चढून आत्ताच वर आलीय.)

मिरान: हे आईचे किमची कालवायचे हातमोजे ना? बाबा, उद्या ती घरी येणार आहे. खाली तिचं अंथरूण झालं नाही, मोरी घासली नाही, आणि तुम्ही इथे चिखल खेळताय?

बाबा: चिखल नाही, माती आहे. सेंद्रिय. एक खडा दाखव यात. पिठाच्या चाळणीने चाळलीय.

मिरान: पिठाच्या चाळणीने! धन्य आहे तुमची. आणि टब? हा तर किमचीची कोबी मिठात घालायचा टब.

बाबा: मग काय झालं? यंदा कोण घालणार आहे कोबी? म्हणजे, यंदा विकतची आणू म्हणतोय मी. उगाच तोंड पाडू नकोस. तो डबा धर जरा इकडे. सांडू नको हां, डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी आहे.

मिरान: तुम्ही झऱ्यावर गेला होतात? या गुडघ्यांनी? गच्चीत नळ आहे की!

बाबा: नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो. पुरे झाली तिला औषधं.

मिरान: अहो, पण झऱ्यावर पाटी लावलीय ना, पाणी पिण्यालायक नाही म्हणून?

बाबा: वाचता येतं मला. म्हणून तर उकळून घेतलंय.

मिरान: काय केलंत?

बाबा: उकळलं. बार्लीच्या चहाच्या किटलीत. हॉस्पिटलवाले काय सांगायचे? पेशंटला उकळलेलंच पाणी द्या. मग जे तिच्या पोटात जाणार, त्यालाही उकळलेलंच.

मिरान: अहो बाबा, लेट्यूसला कोण उकळलेलं पाणी घालतं? जन्मभर बस चालवलीत, कुंडीत कधी एक रोपसुद्धा लावलं नाहीत, आणि आता एकदम शेतकरी!

बाबा: हस. हस तू. पानं आली की बघू कोण हसतं. नुसतं पान, त्यात भाताचा गोळा, वर बोटभर सोयाबीनचं द्वेनजांग, लसणाची पाकळी. तोंडात मावणार नाही एवढा घास. दोन वर्षं झाली तिला कच्चं पान खाऊन. शेजारच्या बेडवरची बाई टीव्हीवर जेवणाचे कार्यक्रम लावायची, तर ही भिंतीकडे तोंड करून झोपायची.

मिरान: कच्चं चालत नव्हतं तिला म्हणून.

बाबा: आता चालतं. डॉक्टर स्वतः म्हणाला. पथ्य बंद. मागेल ते द्या, म्हणाला, मन मारू नका. तू होतीस ना तिथे?

मिरान: होते.

बाबा: मग?

मिरान: बाबा, डॉक्टर असं कधी म्हणतात...

बाबा: ती पिशवी दे.

मिरान: बाबा, ऐका ना. बी पेरणार, ते उगवणार, त्याला पानं येणार. तोपर्यंत...

बाबा: पिशवी दे म्हणतो ना! तांदळाचा कोंडा आहे त्यात. तुला काय वाटतं, मला कळलं नाही? तू त्या डॉक्टरशी बोलत उभी राहिलीस, तेव्हा मी जिन्यात बसलो होतो. उठताच येईना. एक झाडूवाली बाई येऊन विचारून गेली, आजोबा, पाणी देऊ का.

मिरान: मग बी कशाला? बाजारात रोपं मिळतात. तयार पानं मिळतात.

बाबा: तयार पानं आणली की ती खाईल आणि... संपलं. बी लावलं तर तिला थांबावं लागेल. तुझी आई आजवर चुलीवरचं अर्धवट टाकून कधी कुठे गेलेली पाहिलीस? पेरलेलं टाकून जाणार नाही ती.

मिरान: अहो बाबा...

बाबा: रडायचं असेल तर खाली जाऊन रड. इथे पाणी मोजून घालायचंय.

मिरान: हे काय पांढरं? वरती साय धरल्यासारखं? आणि हा वास कसला येतोय? बाबा, हे लाल लाल काय आहे मातीत?

बाबा: खत.

मिरान: हे मिरचीचे तुकडे आहेत. ही किमची आहे!

बाबा: कोबीच ना ती? पालाच. दोन महिने मातीत मुरवलीय.

मिरान: कुठली किमची? फ्रिजमधली? आईची? तिने भरती व्हायच्या आधी केली होती ती?

बाबा: ओरडू नकोस. शेजारी ऐकतील.

मिरान: ऐकू देत! तिच्या हातची शेवटची किमची होती ती. मी एक डबा मागितला, तर नाही म्हणालात. आणि चिखलात घातलीत?

बाबा: मग काय करायचं होतं? इतकी आंबट झाली होती की माझ्याने घास गिळवेना. तिला द्यायची मनाई. तुला दिली असती तर चार दिवसांत संपवली असतीस, म्हणून नाही दिली. ओल्या कचऱ्याच्या डब्यापर्यंत घेऊन गेलो होतो एकदा. झाकण उघडलं. हातून टाकवेना. म्हटलं मातीत जाऊ दे, पानांतून परत तिच्याच पोटात जाईल. काय चुकलं माझं?

मिरान: काही नाही. काही चुकलं नाही. गप्प बसा. फोन वाजतोय. तीच आहे, व्हिडिओवर.

बाबा: किमचीचं बोलू नकोस हां तिला.

मिरान: आई? जेवलीस का?

आई: जेवले म्हनायचं. पेज गिळली. तू रडतीस का गं?

मिरान: नाही गं. गच्चीत वारा आहे.

आई: गच्चीत काय करतीस? आन् तुझं बाबा कुठं हायती?

बाबा: इथेच आहे. तुला दाखवणार नव्हतो उद्यापर्यंत. बरं, बघ. मिरान, फोन इकडे फिरव. दिसतंय का? लेट्यूस लावतोय तुझ्यासाठी.

आई: आगं बया! मिरानचे बाबा, तुमी? तुमाला मुळा आन् गाजर वळखू येत न्हाई! फोन जरा जवळ न्या. आजून जवळ. त्ये पांढरं कशाचं धरलंय वर?

बाबा: ते... कोंडा असेल.

आई: माज्या बापानं हेनामात कोबीच पिकवली जलमभर. मला कोंडा सांगू नका. मीठ हाय त्ये. कुठनं आलं मीठ? मिरान, तू सांग.

मिरान: किमची घातलीय त्यांनी. तुझी. सगळी.

बाबा: टाकवेना गं. म्हणून.

मिरान: आई? आई, रडतेस का?

आई: न्हाई गं, हसतीया. थांब, हसलं की दुखतं. आवो, किमचीत मीठ किती आसतं! त्यात पेरल्यालं उगवंल व्हय? कोंब बाहेर यायच्या आदीच जळून जाईल की.

बाबा: पाणी तर चांगलं घालतोय. उकळलेलं.

आई: उकळल्यालं? का? झाडाला ताप आलाय? साधं नळाचं घ्यायचं, बादलीत रातभर उघडं ठिवायचं, वास उडून जातो. आता ऐका. टबाला खाली भोकं पाडा. वरनं पाणी घाला, खालनं जाऊ द्या. मीठ पान्यासंगं जातं. पन येका दिसात न्हाई जायाचं. वळवाचं, मोठ्या पावसाचं, सगळं पानी त्यातनं जाऊ द्या. गारवा पडाया लागला की मग पेरा.

बाबा: गारवा म्हणजे शरदात?

आई: व्हय.

बाबा: एवढं लांब नाही जमायचं. दुसरी माती आणतो. आज आणतो. उद्या पेरतो, तू आलीस की तुझ्यादेखत.

आई: मिरानचे बाबा.

बाबा: पंधरा... महिन्याभरात पानं येतात म्हणे. तेवढं तर तू...

आई: आवो, मला उद्याच खायाची हायत. मिरान, येताना बाजारातनं एक जुडी आन. कवळी बघून आन. लई भूक लागलीया मला पानाची. आन् ती माती तशीच ठिवा. शरदात कामाला येईल. बी लई खोल न्हाई घालायचं, वर नुसतं भुरभुरायचं, त्याला उजेड लागतो. कळलं?

बाबा: तू तेव्हा सांग की.

आई: आत्ता सांगून ठिवते. पानं बाहेरची तोडायची, मधला गाभा ठिवायचा, म्हंजी येत ऱ्हात्यात. आन् एकट्यानं बसून खायाची न्हाईत. मिरानला बोलवायचं. आयकताय का?

बाबा: ऐकतोय.

आई: मग बसलाय काय? खिळा घ्या. मला बघू द्या, नीट करताय का.

मिरान: हा घ्या, बाबा. द्या, मी टब कलता करते. मारा. आणखी एक. सावकाश, हातावर बसेल.

बाबा: पडली भोकं.

आई: आता पानी घाला. हं. भरपूर. ह्ये काय मोजून घालताय, बादली वता सगळी. आता खालनं येतंय त्यात बोट बुडवा आन् जिभेला लावून बघा. खारट लागतंय का?

बाबा: लागतंय. खारट आहे. मिरचीही जाणवतेय. लसूणसुद्धा. मिरान, तू बघ.

मिरान: हो. तिच्याच हातची चव आहे.

बाबा: राहू दे ना गं थोडी, जोमरे. एवढं नको धुवायला.

आई: न्हाई. आजून घाला. चव जाईस्तवर घालत ऱ्हावा.