एका खोलीतून फोन लागत नाही

पोलीस ठाणे, दि. १८/०५/२०२५, सकाळी ११.२० वा.

जबाब देणार: कस्तुरा साहेबराव ओव्हाळ, वय ४४ वर्षे, धंदा नोकरी (चाकण येथे कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या करणे), रा. काळेवाडी, पिंपरी.

मी स्वतः ठाण्यात हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती साहेबराव व मुलगी श्रद्धा, वय २० वर्षे, असे राहतो. पती ड्रायव्हर असून सध्या गाडी घेऊन बाहेरगावी आहेत. श्रद्धाला जन्मापासून ऐकू येत नाही. ती निगडी येथे ऐकू न येणाऱ्या मुलींच्या संस्थेत कॉम्प्युटरचा कोर्स करते व तिथल्याच वसतिगृहात राहते. दि. १७ रोजी शनिवारी सकाळी नऊ वाजता ती सुट्टी लागली म्हणून वसतिगृहातून बॅग घेऊन निघाली, ती अद्याप घरी आलेली नाही. माझे मेसेज तिने पाहिले आहेत, उत्तर दिलेलं नाही.

वर्णन: रंग सावळा, उंची पाच फूट एक इंच, केस कुरळे, डाव्या भुवईवर टाक्याची खूण. हवालदार साहेबांनी पुढे ‘मुकी आहे’ असं लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. ती बोलते. मला कळत नाही, हा तिचा दोष नाही.

घरी भांडण झालं होतं का, असं विचारल्यावरून सांगते की, भांडायला तरी बोलता यायला पाहिजे. तिच्या संस्थेत हातांची भाषा शिकवतात, ती मला येत नाही. पालकांसाठी रविवारी वर्ग असायचा. दोन रविवार गेले, मग कॅन्टीनला ओव्हरटाइम लागला, मग लाज वाटायला लागली. बाकीच्या आया भराभर हात चालवायच्या आणि मी आपली बोटं मोजत बसायची. चूक माझी आहे, तसं लिहा. लिहून बोलावं तर तिचं लिहिलेलं मला उलटंसुलटं लागतं आणि माझं तिला. आमच्या मेसेजमध्ये ‘जेवलीस का’ आणि ‘हो’ याच्या पुढे काही नसतं.

दोन वर्षांपूर्वी संस्थेने व्हिडिओ फोनची सोय करून दिली. आपण फोन लावला की मधे दुभाषी मॅडम येतात. मी बोलते ते त्या हातांनी श्रद्धाला सांगतात, श्रद्धा हातांनी बोलते ते मला तोंडी सांगतात. स्क्रीनवर अर्ध्या भागात मॅडम दिसतात, अर्ध्या भागात ती. मॅडमनी पहिल्याच दिवशी नियम सांगितले होते. ‘तिला सांगा’ म्हणायचं नाही, थेट मुलीशी बोलायचं. त्यांच्या कानावर जे पडेल ते सगळं त्या सांगणार, कुकरची शिट्टी झाली तर तीसुद्धा. आणि दोघी एका खोलीत असतील तर ही सोय मिळत नाही, ती फक्त लांबच्या माणसांसाठी आहे.

त्या फोनवर मला माझी मुलगी कळायला लागली. अठरा वर्षं मी तिच्या ताटात शेपूची भाजी वाढली. तिला शेपू अजिबात आवडत नाही, हे तिने तिसऱ्या की चौथ्या फोनला सांगितलं. ती भारी चेष्टेखोर आहे, हेही मला तेव्हाच कळलं. वसतिगृहाच्या रेक्टरबाईंची नक्कल तिने केली तेव्हा मॅडमना इतकं हसू आलं, की मला सांगायला त्यांना वेळ लागला. मी रोज सात वाजायची वाट बघायची. साहेबांनी हे तक्रारीत बसत नाही असं म्हटलं. बसत नसलं तरी राहू द्या.

ती सुट्टीला घरी आली की मात्र फोन बंद. ती खुर्चीत, मी ओट्यापाशी. जेव, झोप, अंघोळ कर, एवढं खुणेने होतं, मग दोघी टीव्ही बघत बसतो. भीमजयंतीच्या सुट्टीत आम्ही लबाडी केली. ती गच्चीवर गेली, मी खाली स्वयंपाकघरात थांबले आणि फोन लावला. एकाच घरात वर-खाली बसून तासभर बोललो. मॅडमना कळलं असणार, त्यांनी काही म्हटलं नाही. ती खाली आल्यावर पुन्हा सगळं शांत झालं. मला रडू आलं आणि का आलं ते तिला सांगता येईना.

दि. १५ रोजी गुरुवारी संध्याकाळी सातच्या सुमारास मी नेहमीप्रमाणे फोन लावला होता. तेवढ्यात शेजारच्या छबूबाई डबा परत द्यायला आल्या. त्यांनी विचारलं, “सुट्टी लागली ना? कधी येतीय पोरगी?” मी मान वळवली आणि म्हटलं, “नाही आली तरी बरं. ती आली की घर मुकं होतं.” वीस वर्षांची सवय आहे साहेब. तिच्याकडे पाठ केली की आमच्या घरात कोणीही काहीही बोलतं, तिला कुठं ऐकू जातंय म्हणून. मधे मॅडम आहेत हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. वळून बघितलं तर मॅडमचे हात नुकतेच थांबले होते. श्रद्धाने माझ्याकडे बघितलं आणि फोन ठेवला. त्यानंतर तिने माझा फोन उचललेला नाही. मॅडमवर माझी तक्रार नाही, त्यांनी त्यांचं काम केलं.

माझं बोलणं अर्धं राहिलं होतं. पुढचं मी छबूबाईंना सांगणार होते, ते इथे पूर्ण लिहून घ्यावं अशी विनंती आहे. ती लांब असली की आम्ही बोलतो, जवळ आली की बोलणं बंद होतं. मला ती घरी पाहिजे आणि बोलायलाही पाहिजे. दोन्ही एकदम मिळत नाही म्हणून मी तसं म्हटलं. ती नको म्हणून नाही.

वरील मजकूर लिहून झाल्यावर हवालदार साहेबांनी स्वतःच्या मोबाईलवरून त्या सेवेला फोन लावला. मॅडम म्हणाल्या, मुलगी कुठे आहे ते मी सांगू शकत नाही, पण तिला फोन जोडून देते. १२.१० वाजता श्रद्धाने उचलला. तिने सांगितलं की, ती निघोजे येथे पूनम या मैत्रिणीच्या खोलीवर आहे. पूनमलाही ऐकू येत नाही, ती तिथल्या कंपनीत पॅकिंगला आहे. श्रद्धा स्वतःच्या मर्जीने गेली आहे व घरी येणार नाही. साहेबांनी मागितलं म्हणून तिने आधार कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं.

मुलगी सज्ञान असल्याने साहेब म्हणाले, बाई, तुमचा जबाब वाचून दाखवतो, सही करा आणि जा. फोन चालूच होता. ते वाचायला लागले तसे मॅडमचे हात हलायला लागले. साहेब थांबले. मी म्हटलं, थांबू नका, फक्त सावकाश वाचा. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाचलं, खोडलेला शब्दही वाचला. मी सगळा वेळ श्रद्धाकडे बघत होते.

वाचून झाल्यावर तिने विचारलं, “हे गुरुवारी का नाही बोललीस?” मी म्हटलं, “तू फोन ठेवलास.” तिने मान हलवली. मग म्हणाली, “मंगळवारी येते. आठ दिवस राहीन. पण फोन लावायचा नाही, समोर बसायचं.” मी म्हटलं, “मला नाही गं येत.” ती म्हणाली, “मला येतं. तू फक्त पाठ फिरवू नकोस.”

माझी आता काही तक्रार नाही. हा जबाब मी ऐकला, माझ्या मुलीने पाहिला. मी सांगितल्याप्रमाणे लिहिला आहे.

समक्ष सही,
कस्तुरा साहेबराव ओव्हाळ