बांधून ठेवलेला पत्ता

(जनावरांच्या दवाखान्यातली औषधांची खोली. काउंटरवरून इथे बदली झालेल्या ताई खोकी रचतायत. वेबसाइट सांभाळणारा इंजिनियर दारात उभा.)

ताई : ...आणि त्या शिंप्याने म्हणे पोपटाचंही माप घेतलं! आपल्या जुन्या जागेत आता त्याचं दुकान ना, वेबसाइटवरचा जुना पत्ता बघून लोक तिथेच जायचे. एक जण तर बैलासकट ट्रायल रूममध्ये घुसला. अरे, हस की! सुतक आहे का तुला?

इंजिनियर : ताई, पत्ता तुम्ही बदलला होतात.

ताई : तीनदा! माझ्या पडद्यावर नवा, लोकांच्या फोनवर जुना. म्हटलं, भुताटकी आहे. चष्मासुद्धा नवा केला.

इंजिनियर : भूत मीच.

ताई : म्हणजे?

इंजिनियर : पान झटकन उघडावं म्हणून प्रत्येक शाखेची माहिती मी आधीच एका सलग मजकुरात बांधून डेटाबेसमध्ये ठेवली होती. लोकांना तो तयार गठ्ठाच दिसतो. मूळ नोंद बदलली की गठ्ठा पुन्हा बांधायचा, एवढंच प्रोग्रॅममध्ये घालायला विसरलो.

ताई : म्हणजे मी आत बसून पाटी पुसतेय, नवी लिहितेय, आणि तू दारावर जुन्या पाटीचा फोटो टांगलेला!

इंजिनियर : हो.

ताई : मग विसरलास तर विसरलास. त्यात तोंड एवढंसं कशाला? आज कळलं ना?

इंजिनियर : नाही. साहेब तुम्हाला पत्त्यावरून सगळ्यांसमोर झापत होते ना, तेव्हाच कळलं.

ताई : ...तू माझ्या शेजारच्या खुर्चीत होतास.

इंजिनियर : हो.

ताई : मला पाणी दिलंस.

इंजिनियर : हो. आणि दुपारी गुपचूप गठ्ठा नव्याने बांधला.

ताई : अच्छा! म्हणून संध्याकाळी पत्ता बरोबर झाला. आणि साहेब म्हणाले, बघा, कान उपटले की बाईंचे हात कसे चालतात. दुसऱ्या दिवशी काउंटरवरून उचलून इथे टाकलं मला.

इंजिनियर : मी साहेबांना मेल लिहिलाय. आत्ता पाठवतो.

ताई : इंजिनियरसाहेब, मला मेलवर नव्हतं झापलं.

इंजिनियर : सगळ्यांसमोर सांगतो. शपथ. उद्या सकाळी...

ताई : आत्ता सगळे जेवायला बसलेत. साहेबही आहेत. तुमचे पाय दुखतायत का?

इंजिनियर : नाही. भीती वाटतेय.

ताई : मलाही वाटत होती.

इंजिनियर : ताई... तुम्ही याल?

ताई : येते. दाराशी उभी राहीन. पण बोलताना माझ्याकडे नाही, साहेबांकडे बघायचं हं. चल.